शेंदराच्या पिशव्या

दिघीच्या कोळीवाड्यात नीराबाईला कुणी तोंडावर ‘बिचारी’ म्हणायची हिंमत केली नाही. म्हटलं असतं, तर तिनं दाभण उगारलं असतं. दाभण म्हणजे शिडं शिवायची बोटभर लांब, जाडजूड सुई. ती तिच्या अंबाड्यात कायम खोचलेली. बाकीच्या बाया फुलं खोचायच्या, हिची ही तऱ्हा. नवरा रावजी शिडं शिवायचा. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत माणूस तीन दिवसांत आटोपला आणि मागे राहिली चार वर्षांची रंगू, ते दाभण आणि अर्धवट शिवलेलं एक शीड. तेराव्याचं जेवण उरकलं त्याच दिवशी नीराबाईनं ते शीड मांडीवर ओढलं आणि उरलेलं शिवून टाकलं. बाईमाणसानं शीड शिवलं म्हणून होड्यांच्या तांडेलांनी नाकं मुरडली. पण तिची शिवण वाऱ्यात उसवत नाही हे कळल्यावर तीच नाकं मुकाट्यानं तिच्या पडवीत येऊन बसायला लागली.

सन सव्वीसच्या कार्तिकात धर्मा तांडेल तिच्याकडे शिव्या देतच आला. शिव्या तिला नव्हत्या, समुद्राला होत्या. त्याचा मचवा चार दिवस काशीदच्या समोर वाऱ्यात अडकला होता. लाटा आत आल्या आणि भाकऱ्यांचा लगदा झाला, काड्यापेट्या भिजल्या, चूल पेटेना, बिडी पेटेना.

“बिडीबिगर चार दिस, नीराबाय! वैऱ्यावर बी अशी येळ येऊ नये,” तो म्हणाला. “तू येवढी शिडं शिवतंस. मला एक पिशवी दे ना शिवून, जिच्यात पानी शिरनार न्हाय.”

“द्येते की,” नीराबाई म्हणाली. जशी काही रोजच देत होती.

द्येते म्हणणं सोपं होतं. त्या एका शब्दापायी पुढची दीड वर्षं तिचं घर वासानं, धुरानं आणि डागांनी भरून गेलं. आधी तिनं जुन्या शिडाचं कापड ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलं, जाळी उकळतात तसं. कापड कुजेना, पण पाणी सरळ आत. मग उंडीचं कडू तेल चोपडलं. पाणी थोडं थांबलं, पण त्या पिशवीतली भाकरी खाऊन धर्मानं सांगितलं, यापरीस उपाशी बरा. राळ वितळवून लावली तर कापडाचा पापड झाला, घडी घातली की कडाकडा मोडायचा. डांबर लावलेली पिशवी चैत्राच्या उन्हात पडवीच्या भिंतीला अशी चिकटली की गिलावा घेऊनच निघाली. कापडंही तिनं कमी छळली नाहीत. शिडाचं जाड कापड झालं, मांजरपाट झाला, गोणपाट झालं, शेवटी लग्नातलं लुगडं फाडून त्याचं अस्तर लावलं. प्रत्येक पिशवीत काड्यापेटी घालायची, तोंड दोरीनं करकचून आवळायचं आणि दगड बांधून खाडीत सोडायची. वर काढली की काडी ओढायचा मान रंगूचा. काडी फुसकी निघाली की रंगू टाळ्या पिटून हसायची, नीराबाई तिला मारायला धावायची, आणि मग दोघीही हसत बसायच्या.

हा खेळ नव्हता. रंगू बारा वर्षांची होती. आणखी वर्ष-दोन वर्षांत तिच्या डोक्यावर मासळीची टोपली चढणार होती. दिघीपासून बोर्लीच्या बाजारापर्यंत चढणीची वाट, डोक्यावर ओलं ओझं आणि मानेवरून पाठीत उतरणारं खारं पाणी. नीराबाईच्या आईची मान तिशीतच वाकली होती. मेली तेव्हा तिला उताणी निजवता येईना. ते नीराबाईनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. “माझ्या पोरीच्या डोक्यावर टोपली चढनार न्हाय,” असं ती कुणी विचारलेलं नसतानाही सांगायची. शिडांचं काम वर्षातून दोन महिन्यांचं. पिशवी मात्र प्रत्येक खलाशाला लागते. ही पिशवी जमली तर रंगू सावलीत बसून पोट भरील, एवढाच तिचा हिशेब होता.

अठ्ठावीसच्या वैशाखात धर्माचा मचवा दुरुस्तीला काठावर ओढला होता. सुतार येसाजी खिळ्यांच्या डोक्यांवर काहीतरी केशरी चोपडत होता. नीराबाई जवळ गेली.

“ह्ये काय रं?”

“शेंदूर. अळशीच्या कढवलेल्या तेलात खलायचा. वाळला की धा वर्सं पानी आत जात न्हाय.”

नीराबाई कपाळावर हात मारून तिथेच वाळूत बसली. गावातलं पोरसुद्धा रोज बघत होतं तो रंग! खाडीच्या तोंडावर बापदेवाचा दगड आहे, त्याच्यावर शेंदराचा बोटभर जाड थर. किती पावसाळे गेले त्याच्यावरून. आणि ही बाई दीड वर्ष डांबर आणि राळ घोटत बसली होती.

पण शेंदूर देवाचा. उचलला आणि पिशवीला फासला, असं कसं चालेल? म्हणून नीराबाई बापदेवाच्या गुरवाकडे गेली. हरेश्वर गुरव वाईट माणूस नव्हता, हे इथेच सांगून टाकायला हवं, कारण पुढचं ऐकलं की लोक त्याच्या नावानं बोटं मोडतात. म्हातारा होता, डोळे अधू झाले होते, कुणाचं वाटोळं करायची त्याला हौस नव्हती. त्यानं रीत सांगितली. दर नव्या भांड्यातलं पहिलं बोट बापदेवाला. रंग हातानं लावायचा, कुंचल्यानं नाही. देवाच्या रंगाला केरसुणी लावतात का? आणि तिसरं सांगताना तो जरा अडखळला.

“बाय, राग धरू नको. विधवेचा हात त्या रंगाला लागता कामा न्हाय. कुवार पोरीचा हात पायजेल.”

“म्हंजे शिवायला माझा हात चालतो, रंगाला न्हाय?”

“मी न्हाय ठरिवलं, बाय. रीत हाय.”

नीराबाईच्या ओठांवर शिवी आली होती, ती तिनं गिळली. घरी येऊन रंगूला म्हणाली, “चल गं, तुझा हात देवाला पसंत पडलाय.”

पहिली शेंदराची पिशवी आठ दिवस वाळली. मऊ चामड्यासारखी झाली, वळवली तरी भेग नाही. खाडीत दिवसभर बुडवून ठेवली. संध्याकाळी काठावर अर्धा कोळीवाडा जमला. रंगूनं काडी ओढली आणि ती भस्सकन पेटली. धर्मानं त्याच काडीवर बिडी शिलगावली आणि नीराबाईच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला, तेव्हा तिनं त्याला ढकलून दिलं आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. नवरा मेल्यानंतर तिला रडताना गावानं पहिल्यांदा पाहिलं.

मग काय विचारता! दिघीच्या होड्या झाल्या, पलीकडच्या आगरदांड्याच्या झाल्या, दिवेआगरचे लोक सुपाऱ्यांचे नमुने ठेवायला पिशव्या मागायला लागले. नीराबाई कापायची, शिवायची, अस्तर लावायची. रंगूच्या पुढ्यात शेंदराचं भांडं. ती तळव्यानं रंग चोळायची, कोपरापर्यंत केशरी व्हायची. आणि नुसतं चोळून तिचं भागेना. नीळ, काजळ, हळद, जे सापडेल ते शेंदरात कालवून ती पिशवीवर चित्रं काढायची. सरंगा, खेकडा, शिडाची होडी, एकदा तर मिशांसकट धर्मा तांडेल. रेघ बारीक यावी म्हणून बोट जिभेला लावायची आणि मग काढायची. लोक पिशवीला ‘रंगूची पिशवी’ म्हणायला लागले. धर्मानं आपल्या पोरासाठी, सदासाठी, तिला मागणी घातली. नीराबाई म्हणाली, पोर पंधराची होऊ दे. मनात म्हणाली, बघ रावजी, टोपली नाही चढली.

एकोणतीसच्या भादव्यात रंगूच्या पोटात दुखायला लागलं. आधी वाटलं, काही खाल्लं असेल. ओव्याचं पाणी झालं, एरंडेल झालं. दुखणं यायचं ते असं की पोर उंबऱ्यावर पोट दाबून पालथी पडायची. जेवण सुटलं. तोंड भिंतीसारखं पांढरं. चित्रं काढणं थांबलं, पण रंग लावणं थांबलं नाही, कारण गिऱ्हाइकं दारात होती आणि रंगूच म्हणायची, “लावते गं आये, तेवढाच जीव रमतो.” नीराबाईनं लावू दिला. पुढे आयुष्यभर तिला सगळ्यात जास्त हेच टोचत राहिलं.

शेजारीण कोकिळा एके दिवशी दार ओढून घेऊन आत आली आणि हळू आवाजात म्हणाली, “नीरावैनी, खरं सांग. तुझा हात लागला न्हाय ना रंगाला?”

“न्हाय!” नीराबाई ओरडली. ओरडली खरी, पण ते खरं नव्हतं. कारण लागला होता. आखाडात एकदा भांडं कलंडत होतं, ते सावरताना करंगळीला रंग लागला होता. तिनं तो पदराला पुसला होता आणि विसरून गेली होती. ते आता आठवलं.  तिसऱ्या दिवशी तिनं हरेश्वरापुढे जाऊन सगळं कबूल केलं, नाक घासलं, म्हणाली, “माझं काय करायचं ते कर, पोरीला सोडव.”

म्हाताऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानं जे जाणलं ते सांगितलं. पाच शनिवार रंगूनं स्वतःच्या हातानं बापदेवाला शेंदूर चढवायचा, डोक्यापासून पायथ्यापर्यंत. आणि देवाच्या अंगावरचा शेंदूर बोटाच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवायचा, प्रसाद म्हणून. देवाचा रंग पोटात गेला की बाधा निघते.

रंगूला तो नको असायचा. तोंड गोड गोड होतंय म्हणायची, मळमळतंय म्हणायची. नीराबाई तिचं तोंड धरायची. “आ कर, बाय माजी. एवढं घे. माझ्यासाठी घे.” पाच शनिवार तिनं असं तोंड धरलं, आणि एकही शनिवार चुकू दिला नाही.

चौथ्या शनिवारनंतर रंगूचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. कोपर वर जायचं, बोटं हलायची, पण तळवा खाली पडायचा, काही केल्या उचलेना. तिनं आईला दाखवलं आणि हसली. “बघ गं, मेलेल्या कोंबडीची मान.” नीराबाईनं तो हात धरून सरळ केला. सोडला तसा पुन्हा पडला. पाचव्या शनिवारी नीराबाईनंच तो लुळा हात धरून देवाला शेंदूर लावला, आपला हात मनगटाच्या वर ठेवून, रंगाला न शिवता.

धर्मा तांडेल गोव्याकडून परतला, त्यानं पोरीला पाहिलं आणि कुणाला न विचारता होडी पाण्यात लोटली. “गुरव बास झाला. मुरुडला डाक्तर हाय,” एवढंच बोलला. खाडी ओलांडून, आगरदांड्याहून बैलगाडीनं, रंगूला मुरुडला नेलं.

डॉक्टर तरुण होता, मुंबईला शिकलेला. त्यानं रंगूचा ओठ खाली ओढला आणि हिरड्या पाहिल्या. दातांच्या मुळाशी काळी-निळी रेघ होती. मग त्यानं तो पडलेला हात पाहिला, नखांत रुतलेला केशरी रंग पाहिला.

“हे काय?”

“शेंदूर,” नीराबाई म्हणाली. “देवाचा.”

“बाई, शेंदूर म्हणजे शिसं. जाळ्याला शिशाच्या गोळ्या लावता ना? तेच शिसं भट्टीत भाजून त्याची भुकटी करतात. विष आहे ते. हातातून तोंडात गेलंय, वर्ष-दीड वर्ष.”

“काय तरी बोलू नका,” नीराबाई चिडून म्हणाली. “मी बी त्याच घरात ऱ्हाते. त्याच ताटात जेवते. मग मला कसं न्हाय झालं?”

“रंग कोण लावतं?”

“ही. मला मनाई हाय.”

“म्हणून तुम्ही वाचलात,” डॉक्टर म्हणाला.

तो साधं खरं ते बोलला.  मग तिनं शनिवारचं सांगितलं, तोंड धरून भरवलेलं सांगितलं. एक शनिवार, दोन शनिवार, असे पाचही सांगितले. डॉक्टर ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, आधी आणायला हवं होतं.

त्यानं औषध दिलं, दूध पाजायला सांगितलं. अकराव्या दिवशी रंगूला फेफरं आलं, एकामागून एक सात वेळा. सातव्यानंतर ती उठली नाही. पंधरा वर्षं पुरी व्हायला पंधरा दिवस होते.

नीराबाईनं सुतक फिटू दिलं. मग भांड्यात उरलेला शेंदूर परसात खड्डा करून पुरला आणि गावाला सांगायला निघाली. घरोघर गेली. शेंदूर म्हणजे शिसं, शेंदूर म्हणजे इख, पोरींना हात लावू देऊ नका. लोकांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि ती वळली की एकमेकांकडे पाहिलं. देवाचा रंग विष कसा असेल? बाईच्या हातून पाप घडलं, आता देवावर ढकलते. हरेश्वर तर तिचं ऐकून खालीच बसला. त्या दिवसापासून त्यानं दगडावर नवा शेंदूर चढवला नाही. पण चारचौघांत ‘माझं चुकलं’ म्हणायचं धैर्य त्या म्हाताऱ्यात नव्हतं.

आणि पिशव्या तर बंदराबंदरांत हव्या होत्या. रंगू गेली म्हणून होड्या थांबतात काय? तीसच्या पावसाळ्यानंतर नीराबाई एका सकाळी कोकिळेच्या दारावरून चालली होती, तर कोकिळेच्या ओटीवर तिची धाकटी केसर मांडी घालून बसलेली. अकरा वर्षांची पोर. पुढ्यात भांडं, हात कोपरापर्यंत केशरी. पिशवीची शिवण ओबडधोबड, रंग मात्र तोच. कोकिळा कौतुकानं म्हणाली, “वैनी, रंगूचं बघून शिकली हो. वाड्यात आणखी चार घरी चालू हाय. सगळं रीतीनं चाललंय, कुवार पोरींच्याच हातून.”

केसरनं रेघ बारीक करायला बोट जिभेला लावलं.

नीराबाईनं एकदा सांगून पाहिलं. “केसर, उठ. कोकिळा, उठव तिला.” कोकिळेनं तोंड वाकडं केलं. “वैनी, तुझं दुःख मला समजतं, पन माझ्या पोरीच्या पोटावर पाय देऊ नको. उद्या तिच्या डोक्यावर टोपली चढवू व्हय मी?”

 ते तिचंच बोलणं होतं.

ती ओटीवर चढली. भांड्यापाशी बसली. दोन्ही बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या शेंदरात बुडवले. कोकिळा किंचाळली. “वैनी! अगं विधवा तू! बाटला ना सगळा!” नीराबाईनं हात बाहेर काढले आणि वाळत घातलेल्या एकेका पिशवीवर सावकाश फिरवले. आतून, बाहेरून, एकही सोडली नाही. मग तशीच निथळत्या हातांनी पुढच्या घरी गेली. भर सकाळची वेळ, बंदरावर माणसं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पाचही घरची भांडी तिनं हात घालून बाटवली. चौथ्या घरी एका बाप्यानं तिच्या पाठीत वल्हं घातलं. ती पडली, उठली आणि पाचव्या घरी गेली.

संध्याकाळपर्यंत सगळा शेंदूर खाडीत ओतला गेला. पिशव्या जाळल्या. पुन्हा कुणी भांडं मांडलं, तर ही बाई येईल आणि हात घालील, हे वाड्याला कळून चुकलं. गावकीनं तिला वाळीत टाकलं, विहीर बंद केली, विस्तव बंद केला. तिला शीड द्यायचं नाही असं ठरलं. धर्मा तेवढा तिच्या ओट्यावर तांदूळ ठेवून जायचा.

केसरच्या डोक्यावर टोपली चढली. बाकीच्या पोरींच्याही चढली. बोर्लीच्या वाटेवर नीराबाई समोर आली की त्या मान वळवून थुंकायच्या, घरापाशी दिसली की तोंडावर धाडकन दार लावायच्या. पुढची आठ वर्षं हेच चाललं. नीराबाई त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही. ती दार लोटणारा हात बघायची. मनगट ताठ असायचं. मग ती आपल्या वाटेनं पाणी आणायला दूरच्या ओहोळावर निघून जायची.